लडाखच्या झऱ्यांवर जाण्याआधी साताऱ्यात उरकायची कामं

आधी प्रश्न ठरवा, मग महिना, आणि सगळ्यात शेवटी तिकीट. लडाखच्या झऱ्यांचं आणि नाल्यांचं पाणी मोजायला जाणारे बहुतेक गट उलट करतात: कॉलेजला मे महिन्याची सुट्टी असते म्हणून मे पक्का होतो आणि मग तिथे काय मोजायचं याचा विचार सुरू होतो. लेहला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पडतं. त्या मानाने आपले दुष्काळी माण-खटाव पाणीदारच म्हणायचे. तिथली शेती चालते ती वरच्या बर्फावर, आणि हिमनद्या फार उंचावर असल्याने त्यांचं पाणी खऱ्या अर्थाने जूनच्या पुढेच उतरतं. जवाच्या पेरणीला मात्र ते एप्रिल-मेमध्येच हवं असतं. चेवांग नॉर्फेल यांच्या कृत्रिम हिमनद्या आणि सोनम वांगचुक यांचे बर्फाचे स्तूप निघाले ते याच अडचणीतून. तेव्हा टंचाई पाहायची असेल तर जुलैत जाऊन उपयोग नाही; तेव्हा नाले दुथडी भरलेले दिसतील. वितळणाऱ्या बर्फाचा रोजचा चढउतार मोजायचा असेल तर जुलै-ऑगस्ट ठीक. जमिनीतून किती पाणी येतं हे हवं असेल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात, कारण तोवर वितळणं मंदावलेलं असतं आणि नाल्यात जे वाहतं ते बरंचसं झऱ्यांचं असतं. हा लेख याच सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फेरीसाठी आहे.

कागदपत्रांना निदान दोन महिने द्या. पँगाँग, त्सो मोरिरी, नुब्रा, हानले या बाजूंना बाहेरच्या भारतीयांनाही इनर लाइन परवाना, म्हणजे सीमाभागात शिरण्याची परवानगी, लागत असे; आता नेमकं काय लागतं ते निघण्याआधी तपासा. जो कागद मिळेल त्याची नाक्या-नाक्यावर प्रत द्यावी लागू शकते. माणशी दहा झेरॉक्स साताऱ्यातच काढून ठेवा. पर्यटक म्हणून मिळालेला परवाना म्हणजे नमुने गोळा करण्याची परवानगी नव्हे. संस्थेचं पत्र, जिल्हा प्रशासनाची संमती, आणि चांगथांग अभयारण्यात शिरणार असाल तर वन्यजीव खात्याचीही परवानगी, हे वेगळं करावं लागतं. सीमेलगतचे १:५०,००० चे नकाशे सहज मिळत नाहीत, त्यांची वाट पाहू नका; इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावरची उपग्रह चित्रं आणि कार्टोसॅट उपग्रहाची उंचीची माहिती वापरून स्वतःचा नकाशा करा, ए-३ वर छापा आणि लॅमिनेट करून घ्या. ड्रोन घरी ठेवा. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परवान्याशिवाय बाळगणं आपल्या देशात गुन्हा आहे, मग ते परदेशातल्या कुणी मित्राने कितीही प्रेमाने दिलेलं असो.

आता नोंदवहीचा नमुना. इथे आपली सवय आड येते. सातारा-सांगलीत आपण लाव्हाचे आडवे थर पाहत वाढलो. काळा पाषाण, त्याखाली मांजऱ्या (भोकाभोकांचा मऊ खडक), मध्ये एखादा लाल मातीचा पट्टा, आणि एका डोंगरावरचे झरे साधारण एकाच उंचीवर ओळीने सापडणार. त्यामुळे आपल्या वहीत ‘थर क्रमांक’, ‘विहिरीची खोली’, ‘मुरूम कुठपर्यंत’ असे रकाने असतात. लेहच्या आसपास डोंगर ग्रॅनाइटचे. सिंधूच्या खोऱ्यालगत दोन भूखंड भिडले ती सांध्याची पट्टी, आणि तिच्यात समुद्रतळाचे खडक वर आलेले. पण पाणी बहुतेक या कातळात नसतं. ते असतं त्याच्यावर साचलेल्या सैल ढिगाऱ्यात: हिमनदीने आणून टाकलेला राडा, कड्याखालची दगडांची घसरण, नाल्याने दरीच्या तोंडाशी पसरलेला गाळाचा पंखा. झरा बहुधा या पंख्याच्या पायथ्याशी फुटतो. म्हणून रकाने बदला. पंख्याचा माथा आणि पायथा यांची उंची, दगडगोट्यांचा आकार, वरच्या बाजूला गोठलेली जमीन किंवा दगडाखाली दबलेला बर्फ असल्याची खूण, वरून येणारे पाट आणि त्यांतली गळती. शेवटचा रकाना विसरू नका. गावाखालचा झरा हा कधी कधी गावावरच्या पाटातून मुरलेलंच पाणी असतं, आणि पाट बंद झाला की महिन्याभरात तोही आटतो.

प्रवाह मोजण्याची तालीम साताऱ्यात झालीच पाहिजे. छोट्या झऱ्याला बादली आणि स्टॉपवॉच पुरतं: १, ५ आणि १० लिटरची भांडी न्या, भरायला दहा सेकंदांपेक्षा कमी लागत असतील तर मोठं भांडं घ्या, तीन वेळा मोजा. बादलीवरच्या छापील खुणांवर विसंबू नका. घरी वजनकाट्यावर पाणी तोलून स्वतःची खूण करा. नाल्यात मात्र दगडांमधून उसळणारं पाणी असतं, तिथे वेगमापक यंत्राचा पंखा नीट चालत नाही आणि तरंगता लाकडाचा तुकडा भोवऱ्यात अडकतो. तिथे मिठाची पद्धत. ठरावीक मीठ विरघळवून नाल्यात एकदम ओतायचं, खाली पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे ईसी, किती चढते आणि कशी उतरते ते मोजायचं, आणि त्या आलेखाखालच्या क्षेत्रफळावरून प्रवाह काढायचा. १ क्युमेक, म्हणजे सेकंदाला १००० लिटर, प्रवाहाला साधारण २ ते ५ किलो मीठ लागतं. सेकंदाला १०० लिटर वाहणाऱ्या ओढ्याला २०० ते ५०० ग्रॅम. ओतायची जागा आणि मोजायची जागा यांत पात्राच्या रुंदीच्या निदान २५ पट अंतर हवं, आणि मध्ये संथ डोह किंवा फुटलेला फाटा नको. मीठ पूर्ण मिसळलं की नाही हे पाहायला दोन्ही काठांवर ईसी मोजा. दोन्हीकडच्या आलेखांचं क्षेत्रफळ जुळलं तर ठीक, नाहीतर अजून खाली सरका.

यात चुकतं कुठे? एक, मीठ. ऑगस्टमध्ये यवतेश्वरच्या बाजूच्या एखाद्या ओढ्यावर तालीम कराल तेव्हा पुडीतलं मीठ ओलसर असेल. १ किलो म्हणून तोललेल्यात ५० ग्रॅम पाणी असलं, तर प्रवाह पाच टक्क्यांहून थोडा जास्तच फुगून निघतो. म्हणून तव्यावर कोरडं करून मग तोला आणि २५० ग्रॅमच्या पुड्या झिप पिशव्यांत बंद करा. लेहला जाताना मीठ नेऊ नका, तिथल्या बाजारात मिळतं आणि तिथली हवा कोरडी आहे. न्यायचा तो डिजिटल काटा. दोन, मीठ नीट न विरघळणं. थंड पाण्यात वेळ लागतो. किलोला ५-६ लिटर पाणी घ्या, तळाशी खडा उरला नाही हे हाताने चाचपून बघा. तीन, मापांक. ईसी किती वाढली म्हणजे लिटरमागे किती मीठ, हे त्या नाल्याच्याच पाण्यात ठरवावं लागतं. १० ग्रॅम मीठ १ लिटरमध्ये विरघळवून ठेवा. नाल्याच्या १ लिटर पाण्यात त्यातलं १ मिलिलिटर सुईविना इंजेक्शनने सोडा, ईसी लिहा, पुन्हा १ मिलिलिटर, असं पाच-सहा वेळा. भांडं नाल्यातच बुडवून धरा, नाहीतर तापमान बदलून आकडे सरकतात. अंशामागे ईसी सुमारे २ टक्के हलते. दर १ ते ५ सेकंदांनी स्वतः नोंद करणारा मीटर नसेल तर साध्या मीटरच्या पडद्याचं मोबाइलवर चित्रीकरण करा आणि रात्री आकडे उतरवा.

आणि एक गोष्ट जी इथल्या तालमीत कळणार नाही. बर्फावरच्या नाल्याला दिवसाची भरती-ओहोटी असते. सकाळी घोट्याएवढं पाणी, संध्याकाळी गुडघ्याच्या वर. सप्टेंबरअखेर हे कमी होतं, पण थांबत नाही. एकाच वेळच्या मोजणीवर ‘या नाल्याचा प्रवाह इतका’ असं लिहिणं चूक आहे. रोज पाच ठिकाणं करण्यापेक्षा दोन करा, पण प्रत्येकी सकाळी ७, दुपारी १ आणि संध्याकाळी ६ ला. नाला ओलांडून पलीकडे मुक्काम करायचा असेल तर सकाळीच ओलांडा. तंबू नाल्याच्या पंख्यावर कधीच लावू नका. ऑगस्ट २०१० मध्ये लेहला ढगफुटीने आलेला लोंढा याच वाटांनी उतरला होता.

नमुन्यांच्या बाटल्या. प्रत्येक ठिकाणी तीन: धनायनांसाठी (कॅल्शियम, सोडियमसारखे धनभारित कण) १०० मिलिलिटर, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेलं. ऋणायनांसाठी (क्लोराइड, सल्फेटसारखे ऋणभारित कण) २५० मिलिलिटर. समस्थानिकांसाठी (एकाच मूलद्रव्याचे जड-हलके अणू) ६० मिलिलिटर, काठोकाठ, आत एकही बुडबुडा नाही, कारण थोडं जरी बाष्पीभवन झालं तरी जड-हलक्या पाण्याचं प्रमाण बदलतं. ताज्या बर्फाचा नमुना थेट बाटलीत कोंबू नका. झिप पिशवीत घट्ट बंद करा, पूर्ण वितळू द्या, मग ओता. काठोकाठ भरलेल्या बाटल्या रात्री गोठून फुटू शकतात, तेव्हा त्या तंबूत, माणसांच्या मध्ये. नावाची पट्टी बाटलीवर लावा, झाकणावर नको. झाकणं अदलाबदल होतात.

धनायनांच्या बाटलीत नायट्रिक ॲसिड घालून पीएच २ च्या खाली आणायचा असतो, आणि ते ॲसिड ना विमानात चालतं ना रेल्वेत. छोट्या ड्रॉपर बाटलीत लपवून नेण्याचा शहाणपणा करू नका. सोपी वाट अशी: पाणी जागेवर गाळा, ॲसिड न घालता आणा, परतल्यावर, पण नमुना घेतल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, प्रयोगशाळेत घाला आणि तपासण्याआधी निदान २४ तास तसंच ठेवा, म्हणजे बाटलीच्या भिंतीला चिकटलेले धातू पुन्हा विरघळतात. चुनखडी ओळखायच्या हायड्रोक्लोरिक ॲसिडलाही हीच बंदी. त्याऐवजी किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड कोरडं न्या, तिथे १०० मिलिलिटर पाण्यात १५ ग्रॅम विरघळवा. बुडबुडे मंद येतात, पण येतात. दगड आधी खरवडून भुगा केलात तर चटकन दिसतात.

मीटर जुळवून घ्यायला पीएचसाठी ४, ७ आणि १० ची बफर द्रावणं (ठरलेल्या पीएचची), ईसीला १४१३ मायक्रोसीमेन्सचं प्रमाण द्रावण. ७ चं बफर १० अंशांवर ७.०६ च्या आसपास असतं. मीटर आपोआप तापमान जुळवत नसेल तर तक्ता चिकटवून ठेवा. पीएचची काचेची कांडी पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात भिजत ठेवायची, डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाही, आणि गोठू द्यायची नाही. पुगाच्या गरम झऱ्यांवर जाणार असाल तर कांडी किती तापमान सोसते ते आधी पाहा. तिथलं पाणी त्या उंचीच्या उकळबिंदूच्या, म्हणजे ८५ अंशांच्या जवळ असतं. त्या पाण्यात सिलिका भरपूर असते आणि गार होताच साका धरते, म्हणून एक वेगळा नमुना जागेवरच दहापट डिस्टिल्ड वॉटरने पातळ करून भरा. त्सो कारसारख्या खाऱ्या सरोवरासाठी मीटर मिलिसीमेन्सवर जातो ना, एवढं बघा.

बॅटऱ्या थंडीत अर्ध्यावर येतात. जीपीएसला लिथियमचे सेल, रात्री झोपायच्या पिशवीत. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेत, १०० वॉट-तासांपर्यंतची. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. गटातल्या निदान दोघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांचं पोस्टपेड हवं. रोख रक्कम न्या. ३ लिटरचा कुकर न्या, नाहीतर डाळ शिजणार नाही.

तब्येतीचं. अजिंक्यतारा रोज चढता म्हणून लेह सोपं जाईल असं समजू नका. सातारा ७०० मीटरच्या आसपास, लेह ३५०० मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६५ टक्के. पाय दमदार असलेला माणूस उलट पहिल्याच दिवशी धावतो आणि आडवा होतो. विमानाने उतरलात तर पहिले दोन दिवस फक्त बाटल्यांवर पट्ट्या लावणं आणि मीठ तोलणं. पुढे झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. ॲसिटाझोलामाइड, म्हणजे उंचीच्या त्रासावरचं औषध, घ्यायचं की नाही हे इथल्या डॉक्टरांना विचारा, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर ती आधी सांगा. बसल्या जागी धाप लागणं, तोल जाणं, बोलणं अडखळणं ही लक्षणं दिसली की मोजणी अर्धवट टाकून खाली उतरायचं, रात्र असली तरी. चांगथांगात ‘खाली’ म्हणजे कुठला रस्ता, किती तास, हे नकाशावर आधीच लाल रेषेने काढून ठेवा. तिथे सगळीकडे उंचीच आहे.

गावात पहिली भेट गोबाची, म्हणजे गावच्या मुखियाची, आणि दुसरी चुरपोनची. चुरपोन म्हणजे आपला पाटकरी: कुणाच्या शेताला कधी पाणी हे तो ठरवतो, आणि झिंग, म्हणजे त्यांचं शेततळं, कधी फोडायचं तेही. नावापुढे ‘ले’ लावून बोला. नाल्यात मीठ ओतण्याआधी त्याला सांगा, किती आणि कशाला. खाली कुणी पिण्याचं पाणी भरत असेल तर तासभर थांबा. झऱ्याशेजारी पांढरं रंगवलेलं छोटं देऊळवजा बांधकाम दिसलं तर ते पाण्याच्या देवतेचं, लूचं ठाणं असतं. तिथे विचारल्याशिवाय बादली काय, मीटरची तारही बुडवू नका. कंदी पेढे मात्र जरूर न्या.

परतीचं वजन निघतानाच धरा. ३० ठिकाणांचे प्रत्येकी ४१० मिलिलिटर म्हणजे १२ किलोंच्या वर नुसतं पाणी, त्यावर दगडांचे नमुने. एवढं विमानाच्या १५ किलोंत बसत नाही, तेव्हा पेटी रस्त्याने धाडायची सोय लेहमध्ये पहिल्याच दिवशी लावा, पाणी अंधारात आणि गार राहील अशी. बाटली भरल्यावर पाण्याच्या पातळीला मार्करने रेघ मारा. ४५०० मीटरवर बंद केलेली, आत थोडी हवा राहिलेली बाटली साताऱ्यात पोचते तेव्हा हवेच्या दाबाने चेपलेली असते. रेघ आणि पातळी जुळत असली तर ती गळलेली नाही, नमुना चालेल.