बडोद्याहून डांगचे धबधबे आणि तिथलचा किनारा

सप्टेंबरअखेरीस निघा. जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे भरलेले असतात, पण समुद्र खवळलेला. दिवाळीनंतर समुद्र शांत, तर धबधबे आटायला लागलेले.

तीन दिवस पुरेत. पहाटे पाचला दांडिया बाजार सोडा, म्हणजे भरूचजवळ ट्रकच्या रांगेत अडकायची शक्यता कमी. पुढे सुरत, चिखली, वांसदामार्गे वघई. अंबिका नदीवरचा गिरा धबधबा तिथून जवळच आहे. पाण्यात उतरू नका: वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी चढतं. वघईपुढे पंप कमी, म्हणून टाकी आधीच भरा. दुसऱ्या दिवशी धरमपूरमार्गे वलसाड; तिथल हे त्याच्या जवळचंच किनाऱ्यावरचं गाव.

तिथलची वाळू काळी आहे आणि किनारा सपाट. खंभातच्या आखाताच्या या बाजूला भरती-ओहोटीत मोठा फरक पडतो, त्यामुळे ओहोटीला पाणी लांबवर जातं आणि परततं ते भराभर. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. कालच्या वेळेवर विसंबू नका, त्या दिवशीचं कोष्टक बघा. गाडी वाळूवर नेऊच नका. ओल्या वाळूत चाक रुतलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर ते आणखी खोल जातं. चाकांपुढची वाळू उकरा, पायपुसणी घाला, हवा 18-20 पीएसआयपर्यंत उतरवा आणि हळू बाहेर काढा. हवा पुन्हा भरल्याशिवाय हायवेला लागू नका.

दमण जवळ आहे, पण तिथली दारूची बाटली गुजरातेत आणणं गुन्हा आहे.