पहिल्या सायकोसिसनंतर ट्रॉमा थेरपी कशी सुरू करायची (घरच्यांसाठी)

माझ्या भावाला २२व्या वर्षी सायकोसिसचा (नसलेले आवाज ऐकू येतात, खोटे संशय खरे वाटतात तो आजार) पहिला झटका आला. शेजारचे आपल्याबद्दलच बोलतायत, फोनमधून कुणीतरी बघतंय, असलं सगळं. आत्याचं म्हणणं बाहेरची बाधा आहे, त्यात भगताकडे दोन महिने गेले, मग गोळ्या सुरू झाल्या आणि तो बराचसा ताळ्यावर आला. पण फिनाईलचा वास आला की ताटावरून उठून बाहेर जायचा. आम्ही म्हणायचो, आजार गेलेला नाही, डोस वाढवून घेऊया. खूप उशिरा कळलं की अ‍ॅडमिट होता तेव्हा एका रात्री त्याचे हातपाय बांधले होते आणि नेमकी तेव्हाच खाली फरशी पुसत होते.

अशा आघातावरची (ट्रॉमा) थेरपी सुरू करायची तर पहिलं काम म्हणजे वही घ्या. कशाने दचकतो, कुठे जायचं टाळतो, कसली स्वप्नं पडतात, कानातले आवाज कधी वाढतात, एवढंच तारखेसह लिहा, अर्थ लावत बसू नका. आणि "तुला लहानपणी कुणी काही केलं का" असं घरी खोदून विचारू नका, ते काम थेरपिस्टचं.

मग सायकियाट्रिस्टला सरळ विचारा, पीटीएसडीसाठी (मोठ्या आघातानंतर मनात राहून गेलेला त्रास) तपासलंय का? हा काही आगाऊपणा नाही, ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१४च्या गाइडलाइनमध्येच लिहिलंय की सायकोसिसच्या पेशंटला हे तपासा, कारण जुना आघात असू शकतो आणि आजारपणात जे घडलं तोसुद्धा आघात असू शकतो. २०१२मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले तेव्हा लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, बुलिंग असं काही सोसलेल्यांमध्ये सायकोसिसची शक्यता साधारण पावणेतीन पट निघाली. म्हणजे प्रत्येकाचं कारण तेच असं नाही हां, उगाच आईबापांनी स्वतःला दोष देत बसू नये.

"आधी आवाज पूर्ण जाऊ देत, मग बघू" हे उत्तर हमखास मिळतं, कारण आठवणी उकरल्या की पेशंट बिघडेल ही भीती. नेदरलँड्समध्ये सायकोसिस आणि पीटीएसडी दोन्ही असलेल्या १५५ जणांवर ट्रॉमा थेरपी करून बघितली, निकाल २०१५मध्ये आले. दीड-दीड तासाची आठ सेशन्स, काहींना इएमडीआर (आठवण मनात आणून नजर डावीकडे-उजवीकडे फिरवायची), काहींना प्रोलाँग्ड एक्स्पोजर (त्या आठवणीला परत परत सामोरं जायचं), बाकीचे वेटिंगवर. थेरपी घेतलेल्यांपैकी दहातले जवळपास सहा जण पीटीएसडीतून बाहेर आले, वेटिंगवाल्यांत पाव हिश्श्याच्या थोडे वर, आणि थेरपीमुळे लोक जास्त बिघडले असं काही दिसलं नाही. ते पेशंट मात्र बहुतेक बऱ्याच वर्षांचे आजारी होते, त्यामुळे नुकताच झटका आलेल्याच्या बाबतीत घाई न करता डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

थेरपिस्ट निवडताना डिग्रीपेक्षा प्रश्न कामाला येतात. आवाज ऐकू येणाऱ्या माणसाबरोबर आधी काम केलंय का? इएमडीआरचं किंवा ट्रॉमाच्या सीबीटीचं (विचार आणि वागणं बदलायची थेरपी) ट्रेनिंग कुठे घेतलं? सेशनमध्ये आवाज वाढले तर काय करता? आमच्या सायकियाट्रिस्टशी फोनवर बोलाल का? "गोळ्या बंद करू, थेरपीनेच बरं होईल" असं कुणी म्हणालं की चहा पिऊन उठायचं. पेशंट १८च्या आतला असेल आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवावंच लागतं, हे त्याला आधीच माहीत असू दे, नंतर कळलं तर विश्वासघात वाटतो. आणि त्रास देणारा माणूस अजून घरातच असेल तर आधी पेशंटला त्याच्यापासून सुरक्षित ठेवायची सोय लावा, थेरपी नंतर.

सेशनमध्ये नेमकं काय होतं? भावाचं पहिलं महिनाभर नुसती तयारीच चालली होती. कागदावर आडवी रेघ, त्यावर शाळा, हॉस्टेल, झटका, वॉर्ड, कुठे काय घडलं ते. घाबरला की पाय जमिनीवर घट्ट दाबून खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायची. खुर्ची दाराजवळची, हात वर केला की थांबायचं, हे आधीच ठरलेलं. मग ती वॉर्डची रात्र डोळ्यांसमोर आणायची आणि थेरपिस्टचं बोट डावीकडे-उजवीकडे फिरतं त्यावर नजर ठेवायची, मध्ये थांबून आता काय आठवलं ते सांगायचं, परत तेच. बघताना गंमत वाटते, पण बाहेर आला की शर्ट ओला असायचा.

त्या दिवशी घरी पाहुणे नकोत, दुसऱ्या दिवशी परीक्षा नको. "आज काय सांगितलंस?" हा प्रश्न तर अजिबात नको, मी दोनदा विचारला आणि तो आठवडाभर बोलला नाही. जेवण, झोप, गोळी वेळेवर, बस. एखाद-दोन दिवस चिडचीड, वाईट स्वप्नं चालतात. पण सलग दोन रात्री झोप नाही, जिवाचं बरंवाईट करायची भाषा, किंवा आवाज तसा हुकूम देतायत असं झालं की पुढच्या सेशनची वाट न बघता सायकियाट्रिस्टला फोन, एकटं सोडायचं नाही, धोका दिसला तर थेट हॉस्पिटल. रात्री कुणीच उचललं नाही तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

वही मात्र चालू ठेवा. आमच्याकडे सहाव्या सेशननंतरची नोंद आहे, "फरशी पुसली, खिडकी उघडून जेवत बसला."