सिनेमांसाठी एव्ही रिसिव्हर घेताय? मग वॉट शेवटी बघा

एव्ही रिसिव्हर म्हणजे टीव्ही-प्लेयरचा आवाज घेऊन तो घरातल्या सगळ्या स्पीकरना वाटून देणारा डबा. तो घ्यायचा म्हटलं की आपण सगळे आधी खोक्यावरचे वॉट बघतो, आणि कंपन्यांना हे पक्कं ठाऊक असल्यामुळे तो आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला असतो. पण तुम्हाला मुख्यतः सिनेमेच बघायचेत, गाणी अधूनमधून आणि गेमिंग जवळपास नाहीच, असं असेल तर क्रम उलटा लावा. सिनेमात गाडी अडते ती दोनच ठिकाणी, डायलॉग कळत नाहीत किंवा बेस एकतर घुमतो नाहीतर येतच नाही. हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं की नाही हे त्याच्या नंतरचं. म्हणून आधी खोली, मग किती चॅनेल (म्हणजे किती स्पीकर वेगवेगळे वाजवायचे), मग रूम करेक्शन (खोलीप्रमाणे आवाज जुळवणं), मग एचडीएमआय (चित्र-आवाजाची वायर), आणि वॉट सगळ्यात शेवटी.

खोलीत पहिली गोष्ट बघायची म्हणजे सोफा मागच्या भिंतीला टेकलाय का. टेकला असेल तर ७.१ चा नाद सोडा, मागचे दोन स्पीकर ठेवायला जागाच नाही, उगाच कानाला चिकटून बसतील. त्यापेक्षा ५.१.२ बरं, म्हणजे कानाच्या लेव्हलला ५ स्पीकर, १ सबवूफर (फक्त बेस वाजवणारा) आणि वर २. याला ७ चॅनेलचा रिसिव्हर पुरतो. वर ४ हवे असतील (५.१.४) तर ९ चॅनेलचा लागतो, आणि ७.१.४ ला ११. इथे एक गोम आहे, काही रिसिव्हर ११ चॅनेलचा आवाज वेगळा काढू शकतात पण त्यांच्या पोटात ॲम्प (स्पीकरला ताकद देणारा भाग) मात्र ९ च असतात, उरलेल्या २ साठी वेगळा पॉवर ॲम्प आणावा लागतो. त्यामुळे "११.२ प्रोसेसिंग" असं लिहिलेलं दिसलं की ॲम्प किती आहेत ते वेगळं शोधा.

वरचे स्पीकर छतात बसवणं शक्य नसेल तर छताकडे आवाज फेकणारे स्पीकर मिळतात, पण ते छत सपाट, कडक आणि फार उंच नसेल तरच चालतात. उतरतं छत असेल तर त्यावर पैसे घालू नका, सरळ चांगलं ५.१ करा. ॲटमॉस म्हणजे डॉल्बीचा वरच्या स्पीकरसकटचा आवाज, त्याचा ट्रॅक ५.१ वर पण व्यवस्थित वाजतो, वरचा आवाज खालच्या स्पीकरमधे मिसळला जातो एवढंच, सिनेमातलं काही गायब होत नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण लोक ॲटमॉसच्या शिक्क्यापायी ७ स्वस्तातले स्पीकर घेतात आणि सेंटर स्पीकरवर कंजुषी करतात, आणि मग बायको-पोरं सबटायटल लावून बघतात. सिनेमातले बहुतेक डायलॉग त्या एकट्या सेंटरमधून येतात हो!

आता रूम करेक्शन, माझ्या मते रिसिव्हरच्या किमतीतला खरा फरक इथेच वसूल होतो. सोबत एक छोटा माईक येतो, रिसिव्हर प्रत्येक स्पीकरमधून आवाज सोडतो, माईकने ऐकतो आणि लेव्हल, अंतर, टोन सगळं खोलीप्रमाणे जुळवून घेतो. डेनॉन आणि मरांट्झमधे ऑडिसी असतं, यामाहात वायपाओ, ऑन्क्योच्या बऱ्याच नव्या मॉडेलमधे डिरॅक लाईव्ह, अँथममधे त्यांचं स्वतःचं एआरसी (अँथम रूम करेक्शन, पुढे येणाऱ्या एचडीएमआयच्या एआरसीशी याचा संबंध नाही). ऑडिसीमधे पण पायऱ्या आहेत, साधं मल्टईक्यू, मग एक्सटी, मग एक्सटी३२. परवडत असेल तर एक्सटी३२ वाला घ्या, कारण त्याचे फिल्टर खूप बारीक काम करतात आणि खोलीतला घुमणारा बेस ताब्यात आणायला तेच लागतं. डिरॅकवाला घेताना लायसन्स पूर्ण आहे का तेवढं विचारा, काही मॉडेलमधे फक्त ५०० हर्ट्झपर्यंतचंच येतं आणि पुढचं विकत घ्यावं लागतं. तसं बेसचा गोंधळ त्या ५०० च्या खालीच असतो, त्यामुळे अर्धं लायसन्स म्हणजे अगदीच वाया असंही नाही.

ही सिस्टिम कितीही भारी असू दे, माईक सोफ्याच्या पाठीवर टेकवून माप घेतलं तर सगळं मुसळ केरात. ट्रायपॉड घ्या, माईक कानाच्या उंचीवर, टोक छताकडे, पंखा-एसी बंद. पहिलं माप तुम्ही जिथे बसता त्याच जागी घ्या, कारण ऑडिसीत अंतर आणि लेव्हल त्या पहिल्या मापावरूनच ठरतात, बाकीची मापं त्याच्या आजूबाजूला दोन-दोन फुटांवर. झालं की मेनूत जाऊन बघा, बऱ्याचदा रिसिव्हरने पुढच्या मोठ्या स्पीकरना "लार्ज" करून ठेवलेलं असतं, ते "स्मॉल" करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा म्हणजे त्याखालचा बेस सबवूफरकडे जाईल. स्पीकर अगदीच छोटे असतील आणि रिसिव्हरने १०० किंवा १२० ठरवला असेल तर मात्र तो खाली आणू नका. आणि सबवूफर ८ फुटांवर असताना मेनूत १२ फूट दिसलं तर घाबरून बदलू नका, सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाज जरा उशिरा येतो, तो उशीर धरून ते अंतर काढलेलं असतं.

रात्री हळू आवाजात बघणारे असाल तर अजून दोन गोष्टी रिसिव्हरमधे आहेत का बघा. एक म्हणजे ऑडिसीच्या डायनॅमिक ईक्यूसारखं काहीतरी, आवाज कमी केला की आपल्या कानाला बेस जास्तच कमी ऐकू येतो, तो हे भरून काढतं. दुसरी म्हणजे नाईट मोड, यात स्फोट दबतात आणि कुजबुज वर येते. शिवाय सेंटरची लेव्हल २-३ डीबीने वाढवायची सोय रिमोटवर पटकन सापडते का तेही बघा, मेनूत सहा पायऱ्या खाली लपलेली असेल तर कोणी वापरत नाही.

एचडीएमआयच्या बाबतीत सिनेमावाल्यांचं नशीब चांगलं आहे. सिनेमा असतो सेकंदाला २४ फ्रेमचा, आणि ४के मधे २४ फ्रेम एचडीआरसकट (उजेड-अंधार जास्त ठळक दाखवणारं चित्र) १८ गिगाबिटच्या जुन्या एचडीएमआय २.० मधून आरामात जातात. म्हणजे ८के, ४के १२० हर्ट्झ, ४० गिगाबिट हे जे काही ओरडून सांगतात ते गेम खेळणाऱ्यांसाठी आहे, त्याचे जास्त पैसे मोजू नका. तुम्हाला लागतं ते एचडीसीपी (कॉपीपासून संरक्षण) २.२ किंवा पुढचं, डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचा प्रकार पुढे पाठवायची सोय (तुमचा टीव्ही एचडीआर१०+ वाला असेल तर तेही), आणि ईएआरसी.

ईएआरसी कशाला ते थोडं समजून घ्या. टीव्हीच्या आतल्या ॲपवरून बघता तेव्हा आवाज टीव्हीतून रिसिव्हरकडे उलटा यायला लागतो. स्ट्रीमिंगवरचा ॲटमॉस बहुतेक वेळा डॉल्बी डिजिटल प्लसमधे गुंडाळलेला असतो, तो साध्या एआरसीतून (ईएआरसीच्या आधीची, कमी क्षमतेची सोय) पण जाऊ शकतो. डिस्कवरचा ॲटमॉस मात्र ट्रूएचडी या जास्त डेटाच्या फॉरमॅटमधे असतो, त्याला एआरसी पुरत नाही, ईएआरसीच पाहिजे. ऑप्टिकल वायरीतून तर ॲटमॉस जातच नाही, फार तर साधं ५.१. आणि ईएआरसी दोन्हीकडे असून सुद्धा काही टीव्ही डीटीएसचा (डॉल्बीसारखाच दुसरा प्रकार) आवाज पुढे सोडतच नाहीत, म्हणून ब्लू-रे प्लेयर किंवा स्ट्रीमिंगचा डबा टीव्हीला न लावता सरळ रिसिव्हरला लावायचा आणि तिथून एक वायर टीव्हीला, निम्मी कटकट तिथेच संपते. इनपुट किती हवेत ते यावरून मोजा आणि एक जास्त धरा.

आता वॉट. एका खोक्यावर लिहिलेलं असतं "१५० वॉट, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के टीएचडी, १ चॅनेल", आणि दुसऱ्यावर "८० वॉट, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के टीएचडी, २ चॅनेल". दुसरा कमजोर वाटतो, पण पहिला आकडा एकच चॅनेल, एकच सूर आणि आवाज फाटेपर्यंत ताणून काढलाय (टीएचडी म्हणजे आवाज किती फाटतो ते), त्यामुळे हे दोघं जवळपास सारखेही निघू शकतात. तुलना करायची तर दुसऱ्या प्रकारच्या ओळीचीच करा.

आणि हिशोब करून बघा. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८८ डीबी असेल तर १ वॉटला १ मीटरवर ८८ डीबी, ३ मीटरवर बसलात तर मोकळ्या जागेत साधारण ७८-७९, बंद खोलीत त्याहून थोडं जास्तच. कॅलिब्रेशन (वरचं माईकचं माप) झालेल्या रिसिव्हरवर व्हॉल्यूम ० म्हणजे थिएटरची लेव्हल, तिथे मुख्य चॅनेलचे झटके १०५ डीबीपर्यंत जातात. घरात -१५ वर बघितलंत तर तेच ९० होतात, आणि त्याला लागतात जेमतेम १५ वॉट. ० वर बघायचं म्हटलं तर साडेचारशेच्या आसपास, जे कुठल्याच नेहमीच्या रिसिव्हरमधे नाहीत! मग ८० आणि १०० वॉटमधे काय फरक? १ डीबी, लक्षात पण येणार नाही. खोली खरंच मोठी असेल, स्पीकर ४ ओहमचे असतील किंवा मोठ्याने बघायची हौस असेल तर प्री-आऊट (बाहेरच्या ॲम्पला जोडायचे जॅक) असलेला रिसिव्हर घ्या, पुढच्या तीन स्पीकरना नंतर वेगळा ॲम्प जोडता येतो.

सबवूफरचे दोन आऊटपुट दिसले तर ते स्वतंत्र आहेत का विचारा, स्वस्त मॉडेलमधे एकच सिग्नल दोन जॅकना वाटलेला असतो. सेकंड झोन, फोनो इनपुट, बाय-ॲम्प, कंपनीचं स्वतःचं ॲप, हे सिनेमासाठी शून्य कामाचं.

जुना रिसिव्हर स्वस्तात मिळत असेल तर वाईट नाही. ॲटमॉस घरच्या रिसिव्हरमधे २०१४ ला आलं, त्याआधीच्यात ते नसणार, पण ५.१ च करायचं असेल तर काय बिघडतं? त्यातून ४के पुढे जात नसेल तर दोन एचडीएमआय आऊटपुट असलेला प्लेयर घ्या, एक वायर टीव्हीला आणि आवाजाची रिसिव्हरला.

शेवटी जागा मोजा, रिसिव्हर खोल असतात आणि मागे वायरी वळायला अजून चार बोटं लागतात, वर मोकळी हवा पाहिजे, बंद कपाटात कोंबला तर तापून मधेच बंद पडेल. घरी आणल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत प्रत्येक एचडीएमआय पोर्ट लावून बघा, आणि कुणीतरी जवळून बोलतंय असा सीन लावून ओठ आणि आवाज जुळतायत का बघा. आवाज आधी येत असेल तर ऑडिओ डिले १०-१० मिलिसेकंदाने वाढवत जा. आवाज मागे पडत असेल तर रिसिव्हरचा डिले आधी शून्य करा, तरी नाही जुळलं तर टीव्हीचा डिजिटल ऑडिओ डिले पण शून्यावर आणा.