बेळगावात नव्यानं बिऱ्हाड थाटताय? झोपायच्या खोलीत काही टांगण्याआधी

कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडची मंडळी नोकरीसाठी नाहीतर मुलांच्या कॉलेजसाठी इथं येतात. सामान लागलं की पहिल्या सुट्टीला झोपायच्या खोलीत स्वतःच्या हातानं केलेलं काहीतरी लावायला घेतात. कुणी दोरीच्या गाठींचं मॅक्रमे विणतं, कुणी जुन्या साड्यांचे पडदे शिवतं. हे जरूर करा. भाड्याची खोली आपली वाटायला यापरता सोपा मार्ग मला तरी माहीत नाही. मीही सोलापूरची. तिथल्या कोरड्या हवेतली सवय इथं चालत नाही, म्हणून हे लिहितेय.

बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे आणि पश्चिमेला सह्याद्री लागूनच. जून ते सप्टेंबर हवेत सतत ओल असते. खानापूरच्या बाजूला घर घेतलंत तर आणखी जास्त. या दिवसांत डबल टेपवर लावलेलं काहीही टिकत नाही. भिंतीला साधा डिस्टेंपर असेल तर टेप रंगाचा पापुद्रा घेऊनच खाली येते, आणि मग डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. माझ्या ओळखीच्या एका मुलीचे असेच कापले गेले. कार्डबोर्डची फुलं, कागदी कंदील वगैरे पावसाळ्यात मऊ पडतात, मागून बुरशी धरतात. म्हणून माझं सांगणं एकच: इथं कापड, लाकूड, बांबू आणि दोरी यांतच काम करा, आणि आधी भिंत ओळखा.

भिंत कशी ओळखायची? घरमालकांना विचारा, ते सांगतात. नाहीतर कपाटामागे जाईल अशा जागी एक होल मारून पडणारा भुसा बघा. वरचा थर करडा आणि आत लाल बारीक पूड आली तर वीट आहे. ६ एमएमचा बिट, त्याच मापाची प्लॅस्टिकची गिट्टी (होलात बसून स्क्रू धरून ठेवते ती) आणि स्क्रू, काम झालं. तिलकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगरच्या नव्या इमारतींत बहुतेक असंच. भुसा तांबूस-पिवळा, खरबरीत आणि होलाच्या कडा ढासळतायत असं दिसलं तर जांभा. त्यात गिट्टी सैल बसते. होल जरा खोल घ्या, पांढरं सिमेंट कालवून गिट्टी त्यात बसवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. आणि शहापूर, वडगावच्या जुन्या घरांत बिट जोर न लावताच आत गेला, ओलसर माती आली, तर तिथंच थांबा. मातीच्या भिंतीत गिट्टी नुसती फिरत राहते. अशा घरात वर तुळई असते, वासे असतात, भिंतीत जुन्या खुंट्या असतात. त्यांनाच टांगा. घर बांधणाऱ्यानं ती सोय करूनच ठेवलीय.

कुठल्याही भिंतीत स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली होल मारू नका, वायर तिथूनच जाते.

आता वाकळीबद्दल, कारण यात माझा जीव आहे. आजीच्या, आईच्या साड्यांची शिवलेली वाकळ पलंगामागच्या भिंतीवर लावली की खोलीचं रूपच पालटतं. पण वाकळ जड असते. दोन कोपऱ्यांना हूक लावून टांगली तर महिन्याभरात मधोमध झोळ येतो आणि टाके ओढले जातात. मागच्या बाजूला, वरच्या काठाच्या बोटभर खाली, पूर्ण रुंदीचा सुती नेफा शिवा. टाका फक्त मागच्या थरांतून घ्या, पुढं दिसता कामा नये. नेफ्यातून वाकळीपेक्षा वीतभर लांब बांबू सरकवा. आधी बांबू उन्हात चांगला वाळवा, ओला असेल तर भुंगा लागतो. टोकं दोन हुकांवर, आणि वाकळ फार रुंद असेल तर नेफा मध्ये तोडून तिसरा हूक. सगळं वजन काठभर वाटलं जातं आणि कापड सरळ पडतं. हुकाचं नाक भिंतीपासून दोन बोटं पुढं राहील असं घ्या, म्हणजे मागून वारा खेळतो. हीच जागा सोडली नाही तर श्रावणात मागं काळे ठिपके दिसणार. पावसाळ्यात अधूनमधून काढून पंख्याखाली टाका. ऑक्टोबरचं ऊन पडलं की गच्चीवर.

उशीच्या वर जड फ्रेम किंवा मातीची भांडी टांगू नका. खानापूरचं मातीकाम सुंदर असतं, ते कोनाड्यात किंवा फळीवर शोभतं.

पडद्याला खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड घ्या, कमी घेतलं तर चुण्याच पडत नाहीत. खडेबाजार, गणपत गल्लीत कापड, दोरी, कड्या सगळं मिळतं, आणि दुकानदार मराठी-कन्नड दोन्ही बोलतात. "काका, माप असं असं आहे" म्हणून कागद पुढं करा. चांगला दुकानदार कापडाचा पन्हा बघून कुठं जोड येईल तेही सांगतो. पडद्याची दांडी सरळ लावायला पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांना पातळी जुळवा. जुन्या घरांत चौकटच थोडी तिरकी असते, तेव्हा छतावरून माप घेऊ नका.

गणपतीत सजावटीची घाई होते, पण तेव्हा भिंती अजून ओल्या असतात. त्या दिवसांत बांबूची उभी चौकट करून तिच्यावर तोरणं, कापड बांधा. भिंतीतली कामं दिवाळीपर्यंत राहू द्या.

आणि होल मारण्याआधी घरमालकांशी दोन शब्द बोलाच. काय लावणार, किती होल, ते दाखवलं तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. काही तर ड्रिल मशीनही देतात. तेव्हाच भिंतीच्या रंगाचा शेड नंबर विचारून वहीत लिहून ठेवा. घर सोडताना होल पुट्टीनं भरून, घासून त्याच शेडचा हात मारता येतो.