स्विफ्टला १४ ऐवजी १५ इंची चाकं बसवताना

स्विफ्टच्या खालच्या मॉडेल्सना १६५/८० आर१४ टायर येतात (रुंदी १६५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची). बाहेरचा व्यास साधारण ६२० मिमी. १८५/६५ आर१५ घेतला तर ६२१.५, म्हणजे स्पीडोमीटरला फरक पडत नाही. १९५/६५ मात्र ६३४.५ वर जातो. ८० च्या वेगात काटा जवळपास दोनने कमी दाखवतो, शिवाय गाडी भरलेली असताना पूर्ण स्टिअरिंग वळवलं की टायर लायनरला (चाकाच्या वरच्या कमानीतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराला) घासू शकतो.

अलॉय रिमचा पीसीडी ४×१०० (१०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर नटांची चार भोकं) जुळला म्हणून लगेच पैसे देऊ नका. रिमचं मधलं भोक ५४.१ मिमीचं हवं. मोठं असेल तर हब रिंग (ती फट भरणारी कडी) टाका, नाहीतर बॅलन्सिंग करूनही हायवेला स्टिअरिंग थरथरतं आणि दोष टायरवाल्यावर जातो. रिम साडेपाच इंच रुंद पुरे. नट आधी हाताने फिरवा, मग समोरासमोरचे आलटूनपालटून आवळा. शंभर किमीनंतर पुन्हा तपासा. पंक्चरपुरती १४ चीच स्टेपनी चालते.