धक्का, दम, धमकी: लिहिताना या चुका टाळा

सोसायटीत पार्किंगवरून वाद होतो, कर्जवसुलीवाल्याचा फोन येतो, लोकलच्या दारात हातघाई होते, आणि मग त्याबद्दल लिहायची वेळ आली की आपण सरसकट दोनच शब्द वापरतो, धमकी आणि धक्काबुक्की. मराठीत यासाठी शब्दांची रास पडलीये, आणि अंगाला हात लागला का, जोर करणाऱ्याला तसा काही अधिकार होता का, हे बऱ्याचदा शब्दच सांगून टाकतो. शब्द चुकला की घडलेली गोष्टच बदलते, म्हणून हे जरा नीट बघूया.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक क्रियापदाची. धक्का लागला म्हणजे चुकून, गर्दीत. धक्का दिला किंवा मारला म्हणजे मुद्दाम. तक्रारीत 'त्यांचा मला धक्का लागला' असं लिहायचं आणि खाली 'कडक कारवाई व्हावी' म्हणायचं, मग वाचणारा विचारणारच ना की लागला का मारला? धक्का बसला हे तर बहुतेक वेळा मनाचं असतं, नाहीतर भूकंपाचं. आणि 'आरक्षणाला धक्का न लावता' हे आपण बातम्यांत रोज ऐकतो, तिथे लावणं म्हणजे आहे ते हलवणं, ढकलाढकलीचा संबंध नाही.

ढकलणं आणि रेटणं पण एक नाही. ढकललं की वस्तू जागची हलते, जोर लावला, गेली पुढे. म्हणून दिवस ढकलतात, आणि आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही हे धोरण आलं तेव्हा लोकांनी त्याला ढकलपास म्हटलं. रेटताना समोरून विरोध असतो आणि जोर चालूच ठेवावा लागतो, म्हणून विधेयक रेटून नेतात, खोटं रेटून बोलतात, संसाराचा गाडा रेटतात. 'विधेयक ढकललं' लिहिलं तर उलट वाटतं की पुढच्या अधिवेशनावर ढकललं. लोटणं सगळ्यात फसवं आहे, विहिरीत लोटलं म्हणजे सरळ गुन्हा, पण 'जाताना दार लोटून घे' म्हणजे हळूच, कडी न लावता. खानदेशात हातगाडीला लोटगाडी म्हणतात, तिथे तर हा रोजच्या कामाचा शब्द.

गर्दीबद्दल लिहिताना मात्र खरंच काळजी घ्या. सकाळच्या लोकलमध्ये होते ती रेटारेटी, फार तर ढकलाढकली. धक्काबुक्कीत बुक्की आहे, म्हणजे मूठ आहे, म्हणजे भांडण आहे. आणि माणसं एकमेकांखाली चिरडली जातात ती चेंगराचेंगरी. 29 सप्टेंबर 2017 ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर 20 हून जास्त माणसं गेली, त्या प्रसंगाला कुणी 'धक्काबुक्की' लिहिलं तर वाटेल तिथे लोक आपसात मारामारी करत होते, आणि जे गेले त्यांच्यावरच दोष येतो. हे मला फार खटकतं.

आता दम. दम देतो तो बहुतेक वरचा माणूस, साहेब, मास्तर, बाप, आणि त्यात 'पुन्हा असं केलंस तर बघ' एवढंच असतं. सज्जड दम भरला म्हणजे तेच, जरा जोरात. धमकीत काय करणार ते सांगितलेलं असतं: पाय तोडीन, फोटो व्हायरल करीन. दमदाटी या दोघांच्या मधली, अधिकार नसताना आवाज चढवून घाबरवणं. हिंदीतून आलेलं 'रुग्णाने दम तोडला' तर लिहूच नका, मराठीत माणूस प्राण सोडतो किंवा दगावतो, आणि दम लागतो, दम धरतो, दम खातो.

धाक, वचक, दरारा, दहशत यात पण गोंधळ होतो. आईचा धाक असतो, त्यात वाईट काही नाही, पण चाकूचा धाक दाखवून लुटतात. वचक पोलिसांचा असतो किंवा नसतो, दरारा कर्तृत्वाने येतो, दहशत गुंडाची. एखाद्या गुंडाचा 'परिसरात दरारा होता' असं छापलं की नकळत त्याचं कौतुक होतं. आणि धाकदपटशा हा शब्द 'धाकदपटशहा' असा लिहू नका, त्यात कुठला शहा नाही, दपटणं आहे. दडपशाही वेगळी, ती सत्ता असलेल्यांची.

सक्ती नियमाने होते, जशी हेल्मेटसक्ती. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला तेव्हा सगळीकडे हिंदीसक्ती हाच शब्द होता, कारण मागे शासन निर्णय होता. जबरदस्ती माणूस माणसावर करतो. बळजबरी जरा जपून वापरा, बाईच्या संदर्भात तिचा अर्थ फार गंभीर होतो.

हे सगळं कामाला येतं ते तक्रार लिहिताना. भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 मध्ये शरीराला, मालमत्तेला किंवा अब्रूला इजा करायची धमकी देऊन घाबरवणं किंवा एखादी गोष्ट करायला भाग पाडणं हा गुन्हा आहे, शिक्षा 2 वर्षांपर्यंत, आणि जिवे मारण्याची धमकी असेल तर 7 वर्षांपर्यंत. म्हणजे नुसतं 'दमदाटी केली' लिहून भागत नाही, कसली इजा करणार म्हणाला आणि काही करायला लावत असेल तर काय, ते यायला हवं. तारीख, वेळ, जागा, अंगाला हात लावला का, आणि समोरचा बोलला ते वाक्य शिवीसकट जसंच्या तसं लिहा, कारण 'अर्वाच्य भाषेत दम दिला' एवढ्यावरून पोलीस ठाण्यात बसलेल्या माणसाला काहीच कळत नाही.