चेनसॉने झाड पाडणे आणि फळ्या काढणे: खानापूर-बेळगाव भागातल्या धंदेवाल्यांसाठी

बांधावरचा आंबा किंवा परसातला फणस तोडायला बोलावणे आले की दर सांगण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: उतारा कुणाच्या नावावर आहे, हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाईन जवळून जाते का, आणि जळण कुणाचे. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण भांडणे त्यावरूनच होतात. झाड पाडणे, फांद्या उचलणे आणि फळ्या काढणे यांचे दर वेगळे सांगा. एकच आकडा सांगितला की उचलायचे काम फुकटात गळ्यात पडते.

कर्नाटकात 1976 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली स्वतःच्या रानातले झाड तोडायलाही ट्री ऑफिसरची (वनखात्याच्या अधिकाऱ्याची) परवानगी लागते. नीलगिरी, सिल्व्हर ओक, सुबाभूळ, नारळ अशा काही जातींना सूट आहे. अर्ज जमीनमालकाने करायचा. मंजुरीची झेरॉक्स तुमच्या गाडीत असू द्या. सॉ मिलला परवाना लागतो, त्यामुळे दुसऱ्याचे लाकूड चेनसॉने चिरून देण्याचा धंदा करायचा असेल तर वनखात्याच्या रेंज ऑफिसात आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. माल शिनोळीवरून चंदगडला किंवा कोगनोळीवरून कागलला जाणार असेल तर वाहतूक पासचेही तेव्हाच बघा.

तोडीला डिसेंबर ते फेब्रुवारी चांगला. भात निघालेले असते, जमीन कडक झालेली असते, ट्रॅक्टर थेट झाडापर्यंत जातो.

पाडण्याआधी झाडाभोवती फिरून झोक, पोकळी, वाळक्या फांद्या आणि आग्या मोहोळ बघा. मोहोळ असेल तर ते काढल्याशिवाय मशीन सुरू करू नका. लाईन जवळ असेल तर लाईनमनकडून सप्लाय बंद करून घ्या. फोनवर ‘बंद केलाय’ एवढ्यावर फांदी सोडू नका, लाईनमन जागेवर हवा. पळायला मागे तिरपी, मोकळी वाट आधी साफ करा. हेल्मेट, कानाला मफ, डोळ्याला जाळी आणि चेन अडवणारी पॅन्ट हवीच. शिडीवर उभे राहून किंवा एका हाताने मशीन चालवू नका.

ज्या बाजूला पाडायचे तिकडे खाच घ्या: खोली खोडाच्या जाडीच्या पाव भागाएवढी, तोंड साधारण 70 अंश उघडे. मागचा काप खाचेच्या तळापेक्षा इंचभर वर. मधे जाडीच्या दहाव्या भागाएवढे लाकूड राखायचे; हीच बिजागरी झाडाला दिशा देते. ती पूर्ण कापली तर झाड मनाला येईल तिकडे जाते. काप उघडला की प्लास्टिकची पाचर मारा. पुढे झुकलेले झाड, विशेषतः नीलगिरी आणि सिल्व्हर ओक, मागून कापत गेलात तर अर्ध्यातच उभे चिरते आणि फाटलेला भाग मागे उसळतो. तिथे बिजागरीच्या मागून पाते आरपार घाला, मागे पट्टीएवढे लाकूड शिल्लक ठेवून मधले कापा आणि ती पट्टी शेवटी तोडा.

आता ओंडका. घनफूट काढायची बाजारातली रीत: मधला घेर इंचात मोजून त्याचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी फुटात, भागिले 144. घेर 60 इंच, लांबी 8 फूट असेल तर 15 × 15 × 8 ÷ 144 म्हणजे 12.5 घनफूट. खरे लाकूड याहून सुमारे सव्वापट असते. ओल्या ओंडक्याचे वजन 400 किलोच्या आसपास धरा. म्हणून ओंडका हलवण्यापेक्षा पडला तिथेच चिरणे सोयीचे.

पण काय चिरायचे ते ठरवा. चेनसॉचा काप 8-9 मिलिमीटर खातो. इंची फळ्या काढल्या तर साधारण पाव भाग लाकूड भुशात जाते. आमचे मत सरळ आहे: चेनसॉने दोन-अडीच इंची जाड फळ्या, तुळया आणि चौकटीचे माप काढा, पातळ फळ्या परवानाधारक मिलच्या बँडसॉवर. नीलगिरीच्या फळ्यांच्या नादी लागू नका, चिरतानाच वाकतात. तिचे खांब करा.

मशीन 70 ते 90 सीसीचे, पाते 30 ते 36 इंची. अलास्कन मिलची चौकट (फळी एकसारख्या जाडीची निघावी म्हणून पात्याला बसवायची) लावली की पात्याची तीन-चार इंच लांबी त्यात जाते. चेन उभी चिरायची हवी: आडव्या कापाच्या चेनला दात 30 अंशांत घासतात, हिला 10 अंशांत. थ्री-एट (3/8 इंच मापाच्या) चेनला 5.5 मिलिमीटरची गोल कानस, दातापुढची टोकर (दात किती खोल घुसेल ते ठरवणारा उंचवटा) दातापेक्षा 0.65 मिलिमीटर खाली. चेन बोथट झाली की लांब तुकड्यांऐवजी पीठ पडते आणि मशीन तापते. जोर लावू नका, घासा. चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलचे मिश्रण 50 ला 1, म्हणजे 5 लिटर पेट्रोलला 100 मिली. पात्याला वापरलेले इंजिन ऑइल घालू नका, त्यातला धातूचा चुरा पाते खातो. काप संपला की मशीन अर्धा मिनिट आयडलवर चालू ठेवून मग बंद करा.

ओंडका दोन ठोकळ्यांवर, किंचित उताराला ठेवा. मशीन आपल्या वजनाने पुढे सरकते. पहिला काप सरळ यावा म्हणून वर अॅल्युमिनियमची शिडी पक्की करा. स्क्रू चेनच्या रेषेपर्यंत पोचत नाहीत ना, ते मोजून बघा. बांधावरच्या झाडात तार, खिळे हमखास असतात. लाकडात निळा-काळा डाग दिसला की थांबा. काप फूटभर पुढे गेला की मागे पाचरी घाला, नाहीतर वरची फळी पाते दाबते. फणसाचा चीक चेनवर साचतो, रॉकेलने पुसा. मधोमध गाभ्याची रेघ ज्या फळीत येते ती वाळताना फाटणारच. ती गाभ्यावरच उभी चिरून दोन करा.

फळ्यांच्या टोकांना त्याच दिवशी ऑइलपेंट लावा. आंब्याचा ओंडका महिनाभर पडला तर निळा पडतो आणि पांढऱ्या भागात भुंगा लागतो. थप्पी जमिनीपासून फूटभर वर, दोन फळ्यांमधे पाऊण इंची पट्ट्या दीड-दोन फुटांवर, सगळ्या एकाखाली एक. वर पत्रा, बाजू उघड्या. ताडपत्रीने गुंडाळली तर बुरशी येते. इंचाला वर्ष हा ढोबळ हिशोब. एका फळीवर खडूने वजन लिहून दर पंधरवड्याला तोला. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात वजन पुन्हा चढते, म्हणून माल सुताराला द्यायचा तो एप्रिल-मेमधे, काटा थांबल्यावर.